नऊ टोकांचा तारा

अल्लाहच्या नावाने, जो कृपाळू आणि दयाळू आहे.

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा फरशीच्या तुकड्यांची नक्षी बसवणे, राहणार कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, गल्लीत ज्याला 'कंपासवाले' म्हणतात तोच, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. अक्षर वाकडे आहे ते वयामुळे. त्याचा संबंध कोणी माझ्या बुद्धीशी लावू नये. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मुलगा एवढेच म्हणाला, "अब्बा, वकिलाकडून टाईप करून घ्या, छान दिसेल." छान दिसावे म्हणून हे लिहीत नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात खोटे काही नव्हते, पण खरेही पुरते नव्हते.

१. माझे दफन साधेपणाने, बायकोच्या कबरीशेजारी करावे. कबरीवर फरशीचा एकही तुकडा लावू नये. मुलाच्या दुकानातला, यंत्रावर कापलेला, तर मुळीच नाही.

२. घर, कारखाना आणि बँकेतली शिल्लक यांचे दोन तृतीयांश मुलगा आणि मुलगी यांना शास्त्राने ठरवलेल्या हिश्श्यांप्रमाणे मिळावेत. त्यात माझी लुडबूड नाही. एक तृतीयांश माझ्या मर्जीने देण्याचा मला हक्क आहे. तो कोणाला, ते कलम ५ मध्ये येईल.

३. हत्यारे मी मृत्युपत्राने देत नसून आजच मुलीच्या हातात दिली आहेत. दोन पितळी कंपास, अकरा हातोड्या, कानस आणि नमुन्यांचे कागद तिचे झाले, ते वाटणीत धरू नयेत. मुलाने मनाला लावून घेऊ नये. सोळाव्या वर्षी तो मला म्हणाला होता, "दिवसभर ठोकून दोन तारे? अब्बा, यंत्र तासाला दोनशे कापतं." खरे आहे. त्याचे तुकडे माझ्यापेक्षा सरळ असतात, माझी तक्रार नाही. मुलीने मात्र पहिला महिनाभर बदामाच्या आकाराचा एकच तुकडा कापला आणि पुढचा कधी, असे एकदाही विचारले नाही.

४. आम्हाला रंगीत फरशी भाजून देणाऱ्या भट्टीवाल्यांनी एका खेपेला निळ्याऐवजी राखाडी माल दिला, म्हणून मी त्यांच्याशी सात वर्षे बोललो नाही. ते आज साक्षीदार म्हणून समोर बसले आहेत. यावरून काय ते समजावे.

५. वर सांगितलेला एक तृतीयांश हिस्सा माझ्या धाकट्या भावाला द्यावा. याचे कारण मुलांनाही ठाऊक नव्हते, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या कामाची रीत अशी. रंगीत फरशीचे तुकडे तासून जमिनीवर पालथे मांडतात. रंग खाली, मातीची पाठ वर. सगळा नमुना डोक्यात ठेवावा लागतो. मांडून झाले की पाठीवर प्लास्टर ओततात, आणि ते धरले की अख्खा तक्ता उचलून भिंतीला लावतात. तोवर खाली काय झाले आहे ते कोणाला दिसत नाही.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी माझ्या अब्बांनी मशिदीच्या किब्ल्याच्या भिंतीचे, म्हणजे नमाजाच्या वेळी सगळे जिच्याकडे तोंड करतात त्या भिंतीचे, काम घेतले. नमुना दहा टोकांच्या ताऱ्यांचा. अब्बा आम्हाला सांगत, "भिंतीवर कुणाचं तोंड काढलं की बघणाऱ्याची नजर तोंडाशी अडकते. आपल्या रेषेनं नजर अडवायची नाही, पुढं जाऊ द्यायची. तुम्ही कुठंही दिसता कामा नये." उजवा कोपरा धाकट्याकडे होता. तो प्लास्टरची पोती आणायला गेला असताना मी त्याच्या जागी बसलो. एका ताऱ्याचे टोक माझ्या हातून फुटले. त्या निळ्याचा दुसरा तुकडा शिल्लक नव्हता आणि भट्टी चार दिवसांनी लागणार होती. मी उरलेली नऊ टोके थोडी फाकवून, शेजारच्या कडा कानशीने घासून, तारा पुरा केला. एवढ्या मोठ्या भिंतीत कोण मोजतंय, असे वाटले. धाकटा परतल्यावर आम्ही प्लास्टर ओतले.

अब्बा मोजत. तक्ता उभा केल्यावर त्यांनी विचारले, "हा कोपरा कुणाचा?"

धाकटा म्हणाला, "माझा."

"देवाच्या घरात चालढकल करतोस? तुझी जागा इथं नाही."

त्याने माझ्याकडे पाहिले. मी हातावरचा चुना पुसत राहिलो. तो गेला तो परत आला नाही. पुढे आयुष्यभर त्याने दवाखान्यांत आणि न्हाणीघरांत पांढऱ्या फरश्या बसवल्या. वर्षभराने अब्बा गेले. जाताना "त्याला बोलावू नका" म्हणाले. तेव्हाही मी खोलीतच होतो.

त्यानंतर मशिदीच्या समितीतल्या एका म्हाताऱ्यांना तो तारा सापडला. त्यांनी आपणहून अर्थ लावला, की कारागिराने मुद्दाम उणीव ठेवली आहे, कारण परिपूर्ण फक्त अल्लाह. मला विचारले तेव्हा मी मान डोलावली. तेव्हापासून लोक तो तारा मुलांना दाखवतात आणि माझ्या नम्रतेचे कौतुक करतात. चुकीबद्दल मार भावाने खाल्ला आणि तिचे कौतुक मी खाल्ले.

६. इथे मूळ मसुद्यात असे होते की, माझ्या मृत्यूनंतर कलम ५ मशिदीत वाचून दाखवावे. ते वाक्य खोडले आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे. कारण पुढीलप्रमाणे.

महिन्यापूर्वी मसुदा घेऊन मी धाकट्याकडे गेलो. त्याने दार उघडले, खुर्ची दिली, चष्मा लावून सगळे वाचले.

"मेल्यावर वाचणार? वा रे भाई! मग मी भांडू कुणाशी? कबरीशी?"

मी म्हणालो, "आता भांड."

"आता दम लागतो." मग चष्मा काढून म्हणाला, "मी त्या मशिदीत पाय ठेवत नाही, ठाऊक आहे ना? रागानं नाही. एकदा गेलो होतो. नमाजाला उभा राहिलो आणि नजर त्या कोपऱ्यात गेली. सगळ्यांना तिथं तारा दिसतो. मला तुझं तोंड दिसतं. जिथं तोंड काढायचं नाही असं अब्बांनी शिकवलं, तिथं तू तुझं काढून ठेवलंस."

पुढच्या शुक्रवारी नमाजानंतर मी उभा राहून सगळ्यांसमोर खरे ते सांगितले. समितीचे अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, "चाचा, कशाला बोललात? किती सुंदर गोष्ट होती. आम्ही मुलांना सांगतो ती."

"मुलांना मोजायला सांगा," मी म्हणालो.

७. समितीच्या लेखी परवानगीने परवा बुधवारी माझ्या मुलीने आणि धाकट्याने मिळून तो तारा काढला. तो छिन्नी धरायचा, ती ठोकायची, मध्येच तो ओरडायचा, "अगं हळू, हे बापाचं आहे!" म्हणजे माझ्या बापाचे. मला त्यांनी शिडीला हात लावू दिला नाही. दहा टोकांचे नवे तुकडे मुलगी कापत आहे. भट्टीवाल्यांनी या खेपेला निळा निळाच दिला आहे. ते बसण्याआधी मी गेलो, तर काम या दोघांनीच पुरे करावे. तोवर समितीने ती जागा दुसऱ्या कशाने बुजवू नये. तारा कोणी बसवला हे कुठेही लिहू नये.

८. हिस्सा घेणार का, असे धाकट्याला विचारले. "ते तू मेल्यावर बघू," म्हणाला. म्हणून कलम ५ कायम. माफ केले असे तो म्हणालेला नाही. माझ्या मुलांनी त्याला ते विचारू नये.

९. सही करण्याआधी एवढे जोडतो. आज धाकटा मशिदीत आला आणि पहिल्या रांगेत माझ्याशेजारी उभा राहिला. समोर कोपऱ्यात उघडे प्लास्टर होते. बाहेर चपला घालताना मी विचारले, "काय दिसलं?"

"आधी खड्डा दिसला," तो म्हणाला. "मग काहीच नाही."

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो खरा आहे आणि माझ्या इच्छेचा आहे, म्हणून दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करतो.

सही: कंपासवाले

साक्षीदार १: भट्टीवाले (सही)
साक्षीदार २: शाळेतले गणिताचे मास्तर (सही)

स्थळ: कारखान्याची पुढची खोली
दिनांक: १७ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार, दुपारच्या नमाजानंतर