तिसऱ्यांदा विचारलं असतं तर

मंगळवार, ९ जानेवारी
लायब्ररीतला सिनेमा क्लब. आजचा सिनेमा: एक म्हातारा स्वतःच्या मरणाची खोटी बातमी उठवतो आणि कोण कोण रडतंय ते माळ्यावरून बघतो. यातून उठणारा प्रश्न: माणसाला एवढं कौतुक कशाला लागतं? असल्या परीक्षा घेणारी माणसं मुळातच हलकी. यावर मी बराच वेळ बोललो. सगळे गप्प ऐकत होते. काहींनी डोळे मिटून ऐकलं.

मग बर्नडीनबाईंनी गुडघ्यांपायी क्लब सोडत असल्याचं सांगितलं आणि यापुढे चर्चा मी चालवावी म्हणाल्या. किती वर्षं वाट बघतोय मी! रीतीप्रमाणे म्हणालो, छे, मला कुठलं जमतंय. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा नको म्हणालो. आता तिसऱ्यांदा विचारलं की हो म्हणायचं, तेवढ्यात सॅल म्हणाला, आर्विडला नको असेल तर मी करतो. हा सॅल न्यू जर्सीहून नुकताच इथे मिनेसोटात आलाय. तिकडे नको म्हणजे नकोच समजतात. आईबापांनी काही वळण लावलं नाही वाटतं.

संकल्प: मन मोठं ठेवायचं. मत्सर आपल्या रक्तात नाही.

१६ जानेवारी
सिनेमा: चाळीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला कळतं की बायकोला पियानो येतो. सॅलचा प्रश्न एका ओळीचा. उत्तर माहीत नसताना जोडीदाराला शेवटचं काय विचारलंत? हा काय प्रश्न झाला? माझे प्रश्न निदान पानभर तरी असतात.

पण लव्हॉन बोलायला लागली. माझी बायको, जी क्लबात फक्त केक वाटते. म्हणे, तिला लहानपणापासून विमान चालवायला शिकायचं होतं. ही बातमी मला चारचौघांत कळावी! सॅल पुढे विचारतोय आणि ही हातवारे करून सांगतेय. घरी येताना गाडीत म्हणालो, मला कधी बोलली नाहीस. म्हणाली, तू विचारलं नाहीस. मी हीटरची बटणं बघत बसलो.

पोटात आग पडलीय. सॅलने ओव्हनमध्ये भाजून आणलेल्या हॉटडिशमध्ये लसूण फार होता, त्यामुळे असेल.

१७ जानेवारी, सकाळी
सॅलला जमतं ते मला जमणार नाही? नाश्त्याला लव्हॉनला मुद्दाम उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारला: सॅल केस रंगवत असेल का? ती उठून भांडी घासायला गेली.

२३ जानेवारी
आज गेलो नाही. माझ्यावाचून चर्चा कशी लंगडते ते कळू दे त्यांना. लव्हॉनने विचारलं, येतोस? म्हणालो, नको, तू जा. गेली की! सॅलचा फोन आला, येतोस का म्हणून. नको, तुमचं चालू द्या म्हणालो. बरं म्हणाला आणि ठेवला. फोन मांडीवर घेऊन बसलो. चार्जिंग नीट होतंय का बघत होतो.

३० जानेवारी
आजही नाही गेलो. लव्हॉन हसत परत आली. आजच्या सिनेमात म्हणे बायको घर सोडून जाते, पण तिने फ्रीझर भरून ठेवलेला असतो, त्यामुळे नवऱ्याला कितीतरी दिवस पत्ताच लागत नाही. काय बावळट नवरा! ती झोपल्यावर आमचा फ्रीझर उघडून बघितला. गच्च भरलाय.

हेवा वाटतोय. लिहून टाकलं एकदाचं. सॅलचा नाही, त्याच्याशी बोलताना ती जशी दिसते त्याचा.

६ फेब्रुवारी
दुपारीच दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला, बूटही चढवले आणि सोफ्यावर बसलो. लव्हॉनने विचारलं, येतोस? म्हणालो, नको, राहू दे. ती कोट घालून दाराकडे निघाली. मग मात्र राहवलं नाही. म्हटलं, सॅल परका आहे, त्याला कळत नाही. पण तू इथलीच ना? पहिला नको खरा नसतो, हे तुला माहीत नाही?

तिने हातमोजा चढवला.

"माहीत आहे, आर्विड. म्हणूनच एकदाच विचारते."

अंगणात गाडीवरचं बर्फ तिने स्वतःच झाडलं आणि गेली. मी बूट काढले.