भांगातली बंदी

१७ जून २०१३, सोमवार

काल देवळात सभा. खाडी आटली नाही, पण खाडीतलं आटलंय, हे एकदाचं सगळ्यांना पटलं. ठराव : दर महिन्यात भांगाचे दिवस (अष्टमीच्या आगेमागचे, भरती-ओहोटी कमी असते ते) मासेमारी बंद. टाळ्या! आमच्या ह्यांच्या सगळ्यात मोठ्या. भांगात पाण्याला ओढच नसते, जाळी तशीही दोरीवर वाळत पडतात. म्हणजे मी आषाढी एकादशीला मटण सोडलं म्हणून गावभर पेढे वाटण्यातलं! मी पदर तोंडात धरून हसले. गंगूआते (ह्यांची आत्या. खाडीतले खेकडे, चिंबोऱ्या, धरायला मला तिनेच शिकवलं) कशाला थांबतेय? मोठ्याने म्हणाली, "भांगात खाडी नाय झोपत, तुमी झोपताव!"

२३ जून, रवि.

पुन्हा सभा. या वेळी मी बोलले. म्हटलं, बंद करायचं तर अमावास्या-पुनवेच्या उधाणातही करा. आख्खी खाडी नको, फक्त धाकटा फाटा. पिल्लं तिथेच वाढतात. ज्या बंदीत कुणाचंच काही जात नाही, तिच्यातून कुणाला मिळणार काय?

गणपतदादा सभेचे मुख्य. म्हणाले, "वयनी, फाट्यात चिंबोऱ्या धरताव तुमी दोघीच. आपल्याच पोटावर पाय कशाला देताव?"

खरंच होतं. कामोठ्याच्या बाजारातली माझी सगळी गिऱ्हाइकं त्या फाट्यावर. तरी तोंडातून निघून गेलं, "आमी हात बाहेर ठेवतो. तुमी फाट्याच्या तोंडावरचं बारीक आसाचं, पिल्लूबी न सोडणारं जाळं काढा."

बोलून खाली बसले तेव्हा डोक्यात उजेड पडला. तोंडावर जाळं एकच. आमच्या ह्यांचं.

२५ जून

हे बोलत नाहीत. "भात वाढ" हासुद्धा निरोप आतेमार्फत. आते निरोपात स्वतःच्या चार शिव्या घालून पोचवते.

संध्याकाळी गणपतदादांकडे गेले. म्हटलं, एकट्याने का सोसायचं? ह्यांची जागा गेली तर बाकीच्यांनी मोठ्या खाडीतली आपापली जागा ह्यांना पाळीपाळीने एकेक उधाण द्यावी. सर्वपित्रीपर्यंत करून बघू, मग सगळ्यांनी मिळून फाटा बघायचा. नाही जमलं तर बदलू, ठराव म्हणजे काय दगडावरची रेघ आहे? दादा डोकं खाजवत राहिले. मग म्हणाले, "पहिली पाळी माझ्या जागेवर."

ही बातमी ऐकून हे स्वतःच्या तोंडाने म्हणाले, भात वाढ.

४ ऑगस्ट, गटारीचा रविवार

कामोठे. बाजार फुललेला आणि माझ्या पाटीत नुसती कोलंबी. सावंतबाई (जुनं गिऱ्हाईक) ठरल्याप्रमाणे पहिल्या हजर. "चिंबोऱ्या कुठायत गं?"
"माहेरी गेल्यात."
"आज? गटारीला?"
"बाळंत होऊन येतील."
हसल्या. पण पिशवी घेऊन शेजारणीच्या टोपलीकडे गेल्या. तिच्या चिंबोऱ्या कुठल्या खाडीतल्या देव जाणे. वाईट वाटलं. फार.

घरी ह्यांनी चिडवलं, "आता ठराव घे उकडून!"

५ ऑक्टोबर, शनि.

काल सर्वपित्री झाली. आज ओहोटीला सगळं गाव फाट्यावर, नुसती जत्रा. चिखलात बिळंच बिळं. पिल्लं पायाखालून तिरकी पळतायत. आतेच्या डोळ्यांना पाणी, माझ्या तोंडाला.

एका बिळात हात घातला. फक्त बघायला, शपथ. केवढी मादी! नांगीत असा हात धरला की मी चिखलात बसकण मारली. गाव खदाखदा हसलं. गाभोळीने भरलेली होती, सोडली परत.

येताना मी ह्यांना म्हटलं, आता उघडूया. दिवाळी आलीच, सावंतबाई वाट बघतायत. तर हे, चक्क हे, म्हणतात, "अजून एक हंगाम ऱ्हाऊंदे. मोठ्या खाडीत कोलंबी वाढलीय, तुला दिसत नाय?"

दिसतंय. म्हणून तर जास्त राग येतोय. पिल्लांवर माझा जीव बसलाय आणि पाटी रिकामी आहे. दोन्ही खरंच.

उद्या सभेत हात वर करून ठरणार. ह्यांचा हात बंदीच्या बाजूने. माझा... उजवा तर सुजून टम्म झालाय. लग्नात ह्यांनीसुद्धा इतका घट्ट धरला नव्हता.