वेदिकाचं कार्ड

२२ नोव्हेंबर २००४, सोमवार

आले बाई एकदाची नाशिक रोडला! कळवणच्या स्टँडवर हे सोडायला आले होते. खिडकीतून पिशवी आत देताना एवढंच म्हणाले, की जमलं तर राहा, नाही जमलं तर परत ये. दोन वर्षं आम्ही दोघं घरात भिंतींशीच बोलतोय, त्या मानाने हे म्हणजे भाषणच झालं.

खोली वरच्या मजल्यावर आहे, स्वच्छ, भरपूर उजेडाची. घरमालकीण नवसाबाई. त्यांचा फुलांचा मळा आहे, रोज पहाटे झेंडू-शेवंतीच्या पाट्या बाजारात जातात. आल्या आल्या चहा दिला आणि चहाबरोबर मुलंबाळं विचारली. नाहीत म्हटलं. असं म्हटलं की पुढचे दहा प्रश्न वाचतात.

नव्या नोकरीचं वाचनालय आवडलं. मोठाल्या खिडक्या, बालविभागात बुटकी टेबलं, कपाटांना नवा रंग. ग्रंथपाल सावळीराम गांगुर्डे सर निवृत्तीला टेकलेत. म्हणाले, कॉम्प्युटर आलेत, आमची बोटं काही वळत नाहीत, तुम्ही तरुण आहात, तुम्हीच शिका. एक्केचाळिसाव्या वर्षी कुणी तरुण म्हणालं! आल्याचं चीज झालं म्हणायचं.

२५ नोव्हेंबर, गुरुवार

आजपासून शिकवणी. अंबडकडच्या एका कंपनीतून कुंदन नावाचा मुलगा येतो, चोवीस-पंचवीसचा, तोंडात सारखं मॅडम मॅडम. मेला तो माउस! मी टेबलभर फिरवला, पार टेबलाच्या कडेवरून खाली पडला, तरी बाण आपला कोपऱ्यात. कुंदन म्हणाला, मॅडम, उचलून परत ठेवा. एवढं साधं असेल असं वाटलंच नव्हतं.

एकूण व्यवस्था अशी. सभासदाने घरून नाहीतर सायबर कॅफेतून आमच्या वेबसाइटवर पुस्तकाची मागणी नोंदवायची. सकाळी आम्ही फोनची लाइन जोडून यादी उघडायची. ते यंत्र आधी चांगलं किंचाळतं, मग यादी येते. पुस्तक काढायचं, नावाची चिठ्ठी लावायची, दाराजवळच्या रॅकवर ठेवायचं. सभासद आला की द्यायचं.

लंकाबाई झाडलोट करतात, चहा करतात, आणि सगळ्यांवर राज्य करतात. त्यांची नात साई शाळा सुटली की बालविभागात येऊन बसते. नऊ वर्षांची. लंकाबाई तक्रारीच्या सुरात कौतुक करतात, की लय वाचती ताई, डोळे जातील म्हनलं तर ऐकत नाय. मी तिच्याकडे फार बघत नाही.

२९ नोव्हेंबर, सोमवार

कुंदनने प्रत्येकाला सरावासाठी एक खोटा सभासद तयार करायला सांगितला. गांगुर्डे सरांनी गावाकडच्या बैलाचं नाव टाकलं, सर्जा, आणि जन्मतारखेपाशी अडकले. आम्ही पोट धरून हसलो.

मी वेदिका लिहिलं. दुसरं नाव बोटातून निघेना. जन्मतारीख टाकली, पत्ता या खोलीचा टाकला. वयाची चौकट यंत्राने आपली आपण भरली. बारा.

बारा! मी मोजलंच नव्हतं. माझ्यासाठी ती दहावरच थांबलेली. त्या यंत्राला तिच्याबद्दल काही ठाऊक नाही, विचारायला तशी चौकटही नाही, म्हणून त्याने तिला बिनबोभाट वाढवलं.

कुंदन म्हणाला, सुरू करण्याआधी सरावाची नावं पुसून टाका. सर्जा पुसला. बाकीची पुसली. सगळे गेल्यावर वेदिकाचं नाव खऱ्या सभासदांत हलवलं, कार्ड दिलं. चूक आहे, मला कळतंय. पण बारा लिहिलेलं पुसवेना.

६ डिसेंबर, सोमवार

उद्घाटन झालं. नारळ, पेढे, नगरसेवक, फोटो. कॉम्प्युटरला हार घातला तो पडद्यावरच लोंबत होता, काही दिसेना. पहिल्या दिवशी तीन मागण्या आल्या. तिन्ही पुस्तकं मी स्वतः काढली. मला जमतंय की!

९ डिसेंबर, गुरुवार

यादीत पाचवं नाव वेदिकाचं होतं. मागणी: पक्ष्यांचं चित्रांचं पुस्तक.

कुंदनला फोन लावून चांगलं झापलं. असली थट्टा करतात का, म्हटलं. बिचारा गडबडला. शपथा घेऊन म्हणाला, मॅडम, त्या कार्डाचा पासवर्ड तुमच्याशिवाय कुणाकडे असणार? खरंच आहे. मी तो कुठे लिहूनसुद्धा ठेवलेला नाही.

पुस्तक काढलं. चिठ्ठी लावली. रॅकवर ठेवलं. मागणी आली की ठेवायचं, असा नियमच आहे.

१० डिसेंबर, शुक्रवार

डबा खाऊन आले तर रॅकवर पुस्तक नाही. कॉम्प्युटरवर नोंद: दिले. मी दिलं नाही. सरांनी दिलं नाही. लंकाबाईंना विचारलं तर म्हणाल्या, मी दारातच बसेल व्हते, कुनीबी आलं नाय.

१४ डिसेंबर, मंगळवार

पुस्तक परत आलंय. सकाळी परतीच्या पेटीत होतं. पानांचे कोपरे दुमडलेले. या दुमडण्यावरून मी तिला किती रागवायचे! ग्रंथपालाच्या घरात जन्मून ही तऱ्हा, म्हणायचे.

आणि पुस्तक गरम होतं. बाहेर एवढी थंडी, पेटी लोखंडाची, आणि पुस्तक तापातल्या कपाळासारखं. छातीशी धरून बराच वेळ उभी राहिले.

भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. खरं लिहायचं तर मी आज सुखात आहे. लंकाबाईंनी विचारलंसुद्धा, की ताई, आज लय खुशीत हाये तुमी.

१७ डिसेंबर, शुक्रवार

मागणीखाली शेऱ्याची एक चौकट असते. लोक लिहितात, मोठ्या अक्षरांचं द्या, भाग पहिला द्या. आज वेदिकाच्या मागणीखाली शेरा होता. इंग्रजी अक्षरांत, पण आपलं मराठी: आई, एकटीला करमत नाही.

आता लिहूनच टाकते. कुणाला सांगितलं नाही. ह्यांना ठाऊक आहे, म्हणून तर घरात भिंती.

दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, कळवणच्या वाचनालयाची तपासणी होती. ‘क’वरून वरचा ‘ब’ वर्ग मिळायचा होता. वेदिकाला तीन दिवस ताप होता. सकाळी उतरल्यासारखा वाटला. मी कपाळावर ओली पट्टी ठेवली, शेजारच्या वत्सलाबाईंना बसवलं, दोन तासांत येते म्हणाले. तिने पदर धरला होता. मी सोडवून घेतला. तपासणीवाले साहेब उशिरा आले, मग रजिस्टरं, मग चहा, मग भेळ. चार वाजता घरी आले तर दारात चपलाच चपला.

आम्हाला ‘ब’ वर्ग मिळाला.

२१ डिसेंबर, मंगळवार

वेबसाइटवर आणखी एक सोय आहे, कौटुंबिक कार्डाची. सभासदाने आपल्या कार्डावर दुसरं नाव जोडायची विनंती करायची आणि आम्ही ‘मंजूर’ दाबायचं. आज वेदिकाची विनंती आली. जोडायचं नाव: साई.

साई समोरच बसली होती, पाय हलवत, पुस्तकात नाक खुपसून. मी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. मनात एवढंच आलं, की माझ्या लेकीला एक मैत्रीण हवीय. दोघी एका कार्डावर पुस्तकं वाचतील. काय बिघडतं?

मंजूर दाबलं.

वेदिकाने लगेच पुस्तक मागितलं. समुद्राच्या गोष्टी. मोठ्या आकाराचं आहे, साठेक पानांचं. रॅकवर ठेवलं, तासाभरात गेलं.

२४ डिसेंबर, शुक्रवार

साई तीन दिवस आली नाही. ताप आहे म्हणे. लंकाबाई म्हणाल्या, थंडीचा आसंल, जाईल. मी हो म्हटलं.

बुटक्या टेबलाकडे दिवसभर लक्ष जात होतं. कुणाची वाट बघतेय, माझं मलाच कळेना.

२७ डिसेंबर, सोमवार

साईला दवाखान्यात ठेवलंय. सगळ्या तपासण्या केल्या, काही सापडत नाही, ताप उतरत नाही. भेटून आले. हात लावला आणि मागे घेतला. ती ऊब मला ओळखीची आहे.

लंकाबाई सांगत होत्या, की पोरगी तापात बडबडती, समुद्र हाय म्हनती, वेदिकाताई वाट बघती म्हनती. त्यांनी मला विचारलं, ही वेदिका कोन वो ताई? तुमच्या वाचनालयात येती का?

मी माहीत नाही म्हटलं. स्वतःच्या पोरीला दुसऱ्यांदा नाही म्हटलं मी.

२८ डिसेंबर, मंगळवार

सकाळी पहिलं काम, साईचं नाव कार्डावरून काढायला गेले. निघेना. कुंदनला फोन केला. त्याच्याकडे एकच उत्तर, जोडलेलं नाव वेगळं करायची सोय अजून केलेली नाही, मुख्य कार्डच रद्द करा मॅडम, म्हणजे सगळेच सुटतील.

मुख्य कार्ड म्हणजे वेदिका.

‘रद्द करा’वर बाण नेला. दहादा नेला. गांगुर्डे सरांनी लांबूनच विचारलं, काय झालं, तब्येत बरी नाही का? शेवटी डोळे मिटून दाबलं. माफ कर गं बाळा, पण ते दुसऱ्याचं लेकरू आहे.

डोळे उघडले. पडद्यावर ओळ: या सभासदाकडे एक पुस्तक आहे. पुस्तक जमा झाल्याशिवाय कार्ड रद्द होणार नाही.

बरोबर आहे. नियमच आहे तसा. मीच कुंदनला सांगून घालून घेतला होता, कळवणला लोक पुस्तकं बुडवतात म्हणून.

२९ डिसेंबर, बुधवार

समुद्राच्या गोष्टी कुठेच नाही. पेटीत नाही, रॅकवर नाही. सगळी कपाटं उपसली. लंकाबाईंचा फोन आला, साईने डोळे उघडले नाहीत आज.

कार्डावरचा पत्ता वाचला. माझ्याच खोलीचा —

नाही. आज नको. उद्या बघेन.

३० डिसेंबर, गुरुवार

सकाळी दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस निघाला तर. लंकाबाईंनी माझे हात धरले.

दुपारी एक

खोलीचं कुलूप काढलं. आत धग. पलंगावर बसली आहे. पाठमोरी. दोन वेण्या. उंची वाढलीय. मांडीवर पुस्तक.

दे म्हटलं. देत नाही. वळतही नाही. आधी वाचून दाखव, मग देते म्हणाली. आवाज तोच.

पलीकडे बसले. पहिल्यापासून वाचायला घेतलंय.

अडीच

पंचवीस पानं झाली. वाचनालय सहाला बंद होतं. त्याआधी पुस्तक जमा, कार्ड रद्द, साई सुटेल. ठरलंय माझं.

मधेमधे हे लिहिते. कशाला लिहिते? — तेवढंच पुढचं पान लांबतं. खरं आहे, लिहून ठेवते.

चार

चार वाजले. त्या दिवशी याच वेळी घरी पोचले होते. आज इथे आहे. ती आहे. मी आहे.

वेणीला हात लावला. भाजलं. काढला नाही.

सव्वापाच

तीन पानं राहिली. खालून नवसाबाई हाका मारताहेत. फोन आलाय. दवाखान्यातून. लंकाबाई नुसत्या रडताहेत म्हणे, काही कळत नाही —

ओ दिली नाही.

झालं. शेवटची ओळ झाली. तिने पुस्तक मिटलं. मागे न बघता माझ्यापुढे धरलंय. घे म्हणते. पळत गेले तर वीस मिनिटं. अजून पोचेन. साई —

पुस्तक हातात आहे. उठले.

आई, परत एकदा वाच, म्हणते ती. पहिल्यापासून.

नवसाबाई जिना चढताहेत. दार वाजतंय —

बसले. पहिलं पान उघ