उंदीर न्हाई, सुनबाईचा भाऊ

लातूर, आषाढ

चि. ईश्वरप्पास,

अक्काचा आशीर्वाद. अव्वा-अप्पांना शरणार्थ सांग. तुझी तब्येत बरी असंल असं धरून चालते. नसंल तर बरी कर, कारण मला तुला लई बोलायचंय अन् आजारी माणसाला बोलणं बरं दिसत न्हाई.

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला! "अक्का, बाहेरचा मिस्त्री कशाला? मी हाय की." भूकंपापासून आमच्या मामंजींना घरात दगड चालत न्हाई (ग्रॅनाइटचं नाव काढलं तरी अंथरूण अंगणात नेतात), म्हणून ओट्याला प्लाय अन् त्यावर पांढरी चकचकीत सनमायका. क्लासच्या पोरींची खानावळ याच ओट्यावर सुरू करायची होती. अन् तू कापायच्या मशीनला लावलंस सागाच्या चौकटी कापायचं जाड दात्यांचं पातं! तेबी सनमायकाचं चांगलं तोंड वर ठेवून! कड कुरतडली ती कुरतडली, सिंकचं भोक एवढं केलंस की सिंक सरळ खालच्या पिठाच्या डब्यावर जाऊन बसलं. मी चहा गाळून वळते तर तू निलंग्याच्या एसटीत! अरे, चहा पिऊन तरी लाजायचं होतंस.

काल जळकोटची एक बाई लेकीसाठी खानावळ बघाया आली. कडेवर बोट फिरवून म्हणाली, "उंदीर लई दिसतात." आमच्या सासूबाई (एरवी त्यांना कमी ऐकू येतं, हाका मारून माझा घसा बसतो) लगेच म्हणाल्या, "उंदीर न्हाई, सुनबाईचा भाऊ." बाई लेकीला घेऊन निघून गेली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माहेरचं नाव तू त्या ओट्यावर मांडून ठेवलंस, अन् मला रोज तिथंच भाकरी थापायची हाय!

शेजारच्या जिलानी मिस्त्रींनी बघून कपाळाला हात लावला. म्हणाले, या मशीनचे दाते खालून वर येतात, म्हणून चांगलं तोंड खाली ठेवायचं, रेघेवर चिकटपट्टी लावायची, बारीक दात्यांचं पातं घ्यायचं अन् सावकाश जायचं. मग विचारलं, हे केलं कुणी? मी म्हटलं, होता कुणी मेला, चाकूरचा. (चाकूरकरांनी माझं काय वाईट केलंय? पण तुझं नाव तोंडातून निघंना.)

पुन्हा मला तोंड दाखवू नकोस.

तुझी अक्का,
महानंदा

ता. क. तोंड दाखवू नको म्हणजे नागपंचमीपर्यंत. पंचमीला मला माहेरी न्यायला आला न्हाईस, तर सासूबाई म्हणतील भाऊ तोंड लपवून बसला. ते मी ऐकून घेणार न्हाई.

ता. क. आणखी एक. जरा आधीच ये, अन् बारीक पातं आण. मागच्या खोलीतला ओटा अजून अख्खा हाय. जिलानी मिस्त्री कापून द्यायला तयार होते, मीच त्यांना दारातून परत धाडलं. तो तूच कापायचास, सासूबाईंच्या डोळ्यांदेखत. चांगलं तोंड खाली, ईश्वरप्पा. खाली!