खांबाला दुसरा मेंढा

कारासू, २ एप्रिल

ती. सैराताईस,
मेलिसचा सा. न. वि. वि.

तुमच्या प्रयोगशाळेचा अहवाल पोचला. आपल्या नदीवरच्या नव्या पुलाचा मधला खांब दुप्पट खोल पुरा म्हणतेस! अगं, बिश्केकमध्ये खेळण्यातला पूल मांडून त्यावर पाणी सोडायचा तुला पगार मिळतो, हे मी इथे कुणाला सांगत नाही. आई म्हणते, ज्या चिखलासाठी लहानपणी मार खाल्लास, त्यावरच आता पोट भरतेस.

खात्रीसाठी मीही अंगणातल्या पाटात विटांचा वीतभर पूल उभारला. तळाला नदीतलेच अस्सल गोटे. आठवडाभर पाणी सोडलं, ढिम्म हलला नाही. गावच्या म्हाताऱ्यांनी तो पाहिला आणि मेंढा कापून खऱ्या पुलाला आशीर्वाद दिला. पुढच्या आठवड्यात काँक्रीट ओततो. मुकादम मी आहे, काळजी नसावी. शाळा पलीकडे, त्यामुळे माझ्या लेकीला, बेगायिमला, पुलाची भारी घाई.

रागावलीस तरी माया पातळ करू नये.

तुझा मेलिस


बिश्केक, ६ एप्रिल

चि. मेलिसला,
अ. उ. आ.

गाढवा, वीतभर पुलाला नदीतला गोटा म्हणजे डोंगर! तो वाहील कसा? पूल लहान केलास तर तळही बारीक हवा. पिठाच्या चाळणीने वाळू चाळ, ती पसर, मग पाणी सोड. पाणी खांबाला धडकून खाली बुडी मारतं आणि पायाच उकरतं. आमच्याकडे तो खांब तीनदा पडला.

बर्फ वितळून नदी फुगली की तिला कुणाचा आशीर्वाद आठवत नाही, आणि तेव्हा पुलावर बेगायिम असेल. मला भीती वाटते रे. काँक्रीट ओतू नकोस, पाया पडते. मोठ्या बहिणीला हे शोभत नाही, तेव्हा आईला कळवू नकोस.

आईला नमस्कार, तुला आशीर्वाद आणि एक धपाटा.

तुझी सैराताई


कारासू, १२ एप्रिल

ती. सैराताईस,
सा. न. वि. वि.

बायकोची चाळणी पळवली. बोलणी खाल्ली. वाळू पसरून पाणी सोडलं, आणि पाटातला पूल अख्ख्या गावासमोर आडवा झाला.

तरी म्हातारे अडून बसले. दिलेला आशीर्वाद फिरवायचा नसतो म्हणे. शेवटी थोरले जुनुशबाबा म्हणाले, आशीर्वाद पुलाला दिला होता, खड्ड्याला नव्हे. नव्या खड्ड्याला नवा मेंढा लागेल, आणि तो मुकादमाचा. माझा मेंढा चापताना जो तो म्हणत होता, आम्हाला शंका होतीच.

खोदकाम सुरू आहे. तुझ्या आकड्याहून हातभर जास्तच खणवतोय. माणसं कुरकुरतात, कुरकुरू देत.

ताई, पाटातला पूल पडला तेव्हा सगळे हसले. मला हसू आलं नाही. बेगायिमने त्यावर आपली बाहुली उभी केली होती.

अशीच शिव्या घालत राहा.

तुझा मेलिस