जेवायचा हात

आत्याबाई,

सुनेनं सासूला पत्र लिहावं अशी रीत आपल्याकडं सासू जिवंत असतानाही नाही, आणि तुम्हाला तर जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यात तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "कागूद कशाला नासतीस, तोंडानं सांग की." पण तोंडानं सांगायला तुम्ही नाही, आणि आज दुपारी शाळेत जे झालं ते सांगितल्याशिवाय मला संध्याकाळच्या स्वयंपाकाला हात लावावासा वाटत नाही. तुमचा लेक कंपनीत सेकंड शिफ्टला गेलाय, नातू शिरूरला कॉलेजात आहे, घरात मी एकटीच. म्हणून बसले लिहायला.

मी आता आपल्या न्हावऱ्यातच एका शाळेत मदतनीस आहे, हे तुम्हाला ठाऊक नाही. ज्या मुलांचे हातपाय नीट चालत नाहीत, ज्यांना कमी दिसतं किंवा कमी ऐकू येतं, तीही आता सगळ्यांबरोबर एकाच वर्गात बसतात आणि त्यांच्या जोडीला एक बाई लागते. शेजारी बसायचं, पेन्सिलीला चिंधी गुंडाळून ती जाड करून हातात द्यायची, संडासला न्यायचं, जेवू घालायचं. हेडसरांनी गावात विचारलं, अशी बाई कोण आहे जिला किळस येत नाही आणि जी चिडत नाही. गावानं माझं नाव सांगितलं. किळस येत नाही हे खरं, तुमचं करता करता ती कधीच गेली. पण चिडत नाही हे गावाला कुणी सांगितलं देव जाणे. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही पदर तोंडाला लावून हसला असता. लोक म्हणतात, पुण्याचं काम करतेस. पोरीला उचलून संडासला नेताना मला पुण्य आठवत नाही, कंबर आठवते.

पोरगी म्हणजे चौथीतली. जन्मताना गुदमरली, तेव्हापासून हातपाय ताठ, मान जराशी कलती, बोलणं ओढून ओढून येतं. डोकं मात्र असं तल्लख की कोण कुणाच्या डब्यातलं लोणचं पळवतं ते बाईंच्या आधी हिला कळतं. तिचे वडील शेवंती लावतात. आई तिला ओढणीनं स्वतःच्या पाठीशी बांधून स्कूटीवरून आणते, उचलून खुर्चीत ठेवते, केस पुन्हा एकदा नीट करते आणि मागं न बघता निघून जाते. पोरगी मला मावशी म्हणते आणि माझी टिंगल करते. एकदा मी चष्मा विसरले तर म्हणाली, "मावशी, तू पाचवीला येऊ नगंस, तुला वाचता येत न्हाई." माझा तिच्यावर जीव आहे, सरळच सांगते.

दुपारच्या सुट्टीत सगळी मुलं व्हरांड्यात ओळीनं खिचडी खायला बसतात. हिला मी ऑफिसशेजारच्या खोलीत घेऊन जायचे आणि दार लोटून भरवायचे. तिचा घास सांडतो, हनुवटीवरून ओघळतो, वेळ लागतो. मुलांनी बघू नये, तिला वाईट वाटू नये, असा माझा विचार. मधूनमधून तिला स्वतः खायला लावायचे, तेव्हा उजव्या हातात चमचा द्यायचे. तो हात तिचा जास्त ताठ आहे. चमचा तोंडापर्यंत येईस्तोवर उलटा व्हायचा आणि आम्ही दोघी घामाघूम व्हायचो. डाव्या हाताचा विचारही माझ्या मनात आला नाही. जेवायचं उजव्या हातानं, एवढं ते माझ्या अंगात मुरलेलं आहे. डावा हात कशासाठी असतो ते लहानपणी आपल्याला शिकवतात आणि आपण ते जन्मभर विसरत नाही.

दिवाळीनंतरची गोष्ट. मी तिच्यासाठी पाणी आणायला बाहेर गेले होते, परत आले तर पोरगी माझा डबा उघडून त्यातले भाजलेले शेंगदाणे खात होती. डाव्या हातानं. एकेक दाणा चिमटीत धरून, मान थोडी पुढं करून, अगदी सावकाश आणि बरोबर तोंडात. मला बघितल्याबरोबर तिनं तो हात झग्याखाली लपवला. म्हटलं, "अगं खा की, लपवतीस कशाला?" तर म्हणाली, "आई मारंल." आत्याबाई, तिनं हात लपवला तो तुमच्यासारखा. लकवा मारल्यानंतर तुमचा उजवा हात मांडीवर पडून असायचा आणि कुणी आलं की तुम्ही चांगला डावा हातच पदराखाली घ्यायचात. खोकून मी आत आल्याचं सांगायचे तरी तुम्ही ताटावरून हात मागं घ्यायचात. पहिल्या दिवसांत मी तुम्हाला भरवायला बसले होते, तेव्हा तुम्ही माझा हात ढकललात आणि ओठ एका बाजूला ओढलेले असताना म्हणालात, "मला भरवू नगं. माझं तोंड मला सापडतंय." मला तेव्हा राग आला होता. एवढं करतेय आणि वर हे ऐकायचं. पण नंतर दार लावून तुम्ही आणि मी, असं जेवण सुरू झालं. तुम्ही डाव्या हातानं भाकरी कुस्करायचात, मी भिंतीकडं तोंड करून माझं जेवायचे, आणि त्यावर आपण एक शब्दही कधी बोललो नाही.

दौंडच्या लग्नाचं तुम्हाला आठवतं का? वन्संच्या थोरलीचं, स्टेशनजवळच्या कार्यालयात. तुमची पहिली नात, जन्मल्याबरोबर तुम्हीच हातात घेतलेली. तुम्ही नवं लुगडं नेसून खुर्चीत बसला होतात. पंगतीला बोलवायला वन्सं स्वतः आल्या तर तुम्ही म्हणालात, "आज माझा उपास हाय." त्या दिवशी कसलाही उपास नव्हता, वन्संनाही ते कळलं होतं, मलाही. त्यांनी दूध आणून दिलं, तुम्ही पेल्यातलं दूध घेतलंत आणि पंगतीकडं बघत राहिलात. घरी आल्यावर मी पिठलं टाकलं. तुम्ही दार लावायला सांगितलंत, डाव्या हातानं जेवलात आणि मधेच विचारलंत, "बुंदी कशी व्हती गं?" मी म्हटलं, "चांगली व्हती, जरा कडक." त्यावर तुम्ही मान हलवलीत, जणू तेवढ्यानं तुमची बुंदी चाखून झाली. मला त्या रात्री तुमच्यासाठी फार वाईट वाटलं. बोलायची आपल्यात पद्धत नव्हती म्हणून मी नुसतं ताट उचललं.

म्हणून पोरीला शेंगदाणे खाताना पाहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या आईला फाटकाशी गाठलं. म्हटलं, तिचा डावा हात चांगला चालतो, त्या हातानं जेवू द्या. ती ओढणी सोडता सोडता म्हणाली, "मावशी, मान वाकडी, पाय वाकडं, त्यात डाव्या हातानं खाती म्हंजी लोकं माझ्या तोंडात शेण घालत्याल. आईनं काय शिकवलं म्हणत्याल. घरात कायबी करू द्या, चारचौघांत न्हाई." बोलताना तिचा हात पोरीच्या केसांवरून फिरतच होता. तेव्हापासून मी खोलीत दार लोटून पोरीला डाव्या हातानं जेवू द्यायला लागले. बघता बघता तिचा हात असा बसला की सांडणं निम्म्यावर आलं. मला बरं वाटत होतं. तिला नव्हतं. या आठवड्यात एक दिवस तिनं घास खाली ठेवला आणि दाराकडं बघत म्हणाली, "मला खोलीत न्हाई जेवायचं. मला वळीत बसायचंय." मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "तू रोज बघूच म्हणतीस."

आज शाळेत गोड जेवण होतं. दूध संस्थेच्या आबांनी नातवाच्या वाढदिवसाचं दिलं होतं. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, गुलाबजाम. वाढायला गावातल्या आया बोलावल्या होत्या, त्यात पोरीची आईही होती. गोड जेवणाची पंगत म्हणजे घरच्या पंगतीसारखीच, शेवटचा माणूस जेवून होईपर्यंत कुणी उठायचं नाही. हेडसर मला हळूच म्हणाले, "तिला आतच बसवा बाई, नाहीतर चार वाजेपर्यंत मुलं उठायची नाहीत." सर माणूस चांगले आहेत, पण त्यांना घड्याळाची सवय आहे. मी हो म्हटलं, खोलीकडं निघाले, पोरगी कडेवर. तिनं माझ्या खांद्यावर तोंड लपवलं आणि एक शब्द बोलली नाही. ओरडली असती, रडली असती, तर मी तिला खोलीत नेलं असतं, आत्याबाई. पण ती गप्प बसली, जशा तुम्ही दौंडला दुधाचा पेला धरून गप्प बसला होतात. मी वळले आणि तिला पंगतीत नेऊन बसवलं. भिंतीला टेकू दिला, मांडीशेजारी पोत्याची घडी घातली, शेजारच्या मुलीला म्हटलं, जरा सरक.

पानं वाढून होतात. श्लोक होतो. पोरगी उजवा हात मांडीत ठेवते आणि डाव्या हातानं पुरीचा तुकडा मोडते. भाजी तिच्या ताटात उजवीकडच्या खणात आहे, सगळ्यांच्या असते तशी, आणि तिला छातीवरून हात वळवून तिथवर न्यावा लागतोय. एक घास पडतो. आबा पाहुण्यांना करावा तसा मुलांना आग्रह करत ओळीतून येतात, तिच्यासमोर थांबतात आणि प्रेमानंच म्हणतात, "बाळ, उजव्या हातानं जेवावं." सगळी ओळ तिच्याकडं बघते. मी म्हणते, "आबा, तिचा जेवायचा हात त्योच हाय." माझा आवाज जरा मोठा निघतो. पलीकडं पुऱ्यांची पाटी घेतलेली तिची आई जागच्या जागी थांबलेली मला दिसते. तिनं ऐकलेलं असतं.

ती पाटी खाली ठेवते आणि ओळीतून झरझर येते. मला वाटतं, आता ही पोरीला उचलून नेणार, आणि मी अडवू शकणार नाही, कारण लेक तिची आहे. ती पोरीसमोर उकिडवी बसते. पोरीचा हात ताटावरून निघालाय, झग्याखाली जायच्या बेतात. आई ताट दोन्ही हातांनी धरते आणि फिरवते. आमटी-भाजी वाढायची बाजू ठरलेली, लग्नात चुकलं तर वाढपी बोलणी खातो, आणि या बाईनं चारचौघांत सगळं ताट उलटं केलं, भाजी डावीकडं आली, मीठ-चटणी उजवीकडं गेली. मग उठून पाटी घेऊन आली आणि बाकी मुलांना विचारत होती तसंच विचारलं, "पुरी वाढू का?" आत्याबाई, त्या पोरीला असं कुणी कधी विचारलेलं नव्हतं. ज्याला भरवतात त्याला काही विचारत नाहीत. तिनं आईकडं बघितलं आणि ओढून ओढून म्हणाली, "दोन." आबा हसले. म्हणाले, "वाढा, तीन वाढा."

नंतर बाकीच्यांचं जेवून झालं आणि सगळी तिच्यासाठी थांबली. हात वाळले, पोरांची चुळबूळ सुरू झाली, एकानं शेजाऱ्याला ढोसलं, हेडसर दोनदा घड्याळाकडं बघून खिडकीबाहेर बघायला लागले. कुणी उठलं नाही. पोरगी घाई करत नव्हती. गुलाबजाम तिनं शेवटी ठेवला होता आणि तो तिनं असा चवीनं खाल्ला की समोरच्या पोरांच्या तोंडाला पुन्हा पाणी सुटलं. मी तिच्यामागं पाण्याची बाटली घेऊन उभी होते आणि मला करायला काहीही नव्हतं. उद्यापासून दुपारी तिला माझी गरज नाही. तिनं तसं सांगितलंही, हात धुताना, "मावशी, आता तू तुझा डबा गरम गरम खात जा." मला आनंद झाला आणि थोडं रडूही आलं, दोन्ही एकदमच.

तर हे असं झालं. हे पत्र कुठं टाकणार, तुमच्या गावाला पोस्ट नाही. कुणाला दाखवायचंही नाही, आणि माझ्या माहेरी, भांडगावला तर याची कुणकुण लागता कामा नये. मघाशी लिहिता लिहिताच आईचा फोन येऊन गेला. तिचं रोजचं झालं, कांदा, म्हैस, भावजय, आणि शेवटी तिनं विचारलं, "तुझं काय, नवीन काय?" माझी सख्खी आई, अजून ठणठणीत आहे, तिला सांगितलं असतं तर आनंदानं रडली असती. मी म्हटलं, "काय न्हाई गं, रोजचंच." तिला उद्या सांगेन. आज आधी तुम्हाला सांगायचं होतं.