बारा गेजपुढे लिहिलेला आकडा

मी, खाली सही करणारा, वायरच्या दुकानाचा मालक, वय एकोणऐंशी, राजीखुशीने लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. कान तर इतके शाबूत की पलीकडच्या खोलीत दोन्ही मुलगे वाटण्यांबद्दल कुजबुजतात तेही ऐकू येते.

१. राहते घर पत्नीचे. तिच्या हयातीत कोणी विकायची भाषा करू नये.

२. बँकेतली शिल्लक मुलांना सारखी. धाकटा मला ‘फुकटचा सल्लागार’ म्हणाला होता. माफ केले, विसरलो नाही.

३. दुकान माझ्या मेहुण्याला, पत्नीच्या पाठच्या भावाला. कारण लिहिताना मान वर होत नाही.

तारा गेज या जुन्या मापाऐवजी चौरस मिलिमीटरवर विकायची वेळ आली, तेव्हा मी भिंतीवर रूपांतराचा तक्ता रंगवला. बारा गेज तारेचा व्यास सुमारे २.६ मिलिमीटर. तेच नवे माप समजून मी पुढे लिहिले, अडीच. नवे माप होते तारेच्या कापलेल्या तोंडाच्या क्षेत्रफळाचे. तिथे साडेपाच हवे होते. म्हणजे मी निम्म्याहून कमी तांब्याची तार देत होतो.

शिंपीमास्तरांच्या कारखान्यात चार इस्त्र्यांची लाइन ओढायला मेहुण्याने तीच नेली; तो वायरमन. नेली आणि परत आला.

“भाऊजी, हाताला बारीक लागतेय.”

“आता हातानं नाही, तक्त्यानं मोजायचं,” मी म्हणालो. गिऱ्हाइके हसली.

आठवड्यात तार पेटली. मास्तरांचा हात भाजला. सगळे म्हणाले, वायरमनने सांधा ढिला ठेवला. मी गप्प बसलो आणि भर दुपारी शटर ओढून आकडा बदलला. मेहुण्याला कोणी काम देईना. माझ्या पत्नीनेही सख्ख्या भावाला दार बंद केले. बावीस वर्षे ती त्याला नावे ठेवते आणि मी समोर बसून जेवतो.

४. मी गेल्यावर तिसरे कलम मुलांनी दुकानात सगळ्या वायरमनसमोर मोठ्याने वाचावे.

साक्षीदार:

१. आमचे डॉक्टर. सही केली.

२. शिंपीमास्तर. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, पण मी त्यांना वाचायला दिला. त्यांनी दोनदा वाचला.

“शरम तुमची, आणि वाचून दाखवायची पोरांनी?” त्यांनी पेन खाली ठेवले. “आधी त्या बहीणभावाला समोर बसवून सांगा. मग सही करतो.”

सबब चौथे कलम रद्द. पत्नीला आत्ताच हाक मारली आहे.

ठिकाण: राहते घर
तारीख: मास्तर सही करतील ती